विचारायचं कुणी?

डॉक्टर : गुरुजी, तुमची यात्रेची यादी मी दोनदा वाचली. बेचाळीस नावं आहेत. प्रत्येकापुढं वय आहे, मतदार ओळखपत्राचा नंबर आहे, रेल्वेत खालचा बर्थ पाहिजे का ते आहे, तिखट चालतं की कमी लागतं तेही आहे. पण गोळ्या कोणत्या चालू आहेत, हा रकानाच नाही. बेचाळीसपैकी एकतीस जण साठीच्या पुढचे. माझ्या नांदेडच्या दवाखान्यात या वयाची दहा माणसं आली, तर बीपी-शुगरपैकी काहीच नसलेलं माणूस शोधावं लागतं. त्यांना तुम्ही सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनीला नेणार, तिथून काठमांडू, पोखरा, आणि यादीतल्या माळकरी मंडळींसाठी वर मुक्तिनाथ. पंधरा दिवस. एवढ्या दिवसांसाठी त्यांच्या शरीराबद्दल तुमच्या वहीत एक ओळ नाही.

गुरुजी : रकाना होता, मॅडम. पहिल्या वर्षी मी मोठ्या अक्षरात छापून घेतला होता, 'आजार व औषधे'. सगळ्यांनी लिहिलं 'निरंक'. शाळेच्या तपासणीत लिहावं तसं. आणि गाडी पूर्णा ओलांडून पुढं गेली नाही तोच पिशव्या-पिशव्यांतून गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर निघाल्या. कुणाची रक्त पातळ करायची, कुणाची फिटची. एका आजीनं तर पदराच्या गाठीत गोळ्या बांधल्या होत्या. मी विचारलं, आजी, लिहिलं का नाही? म्हणाल्या, लिहिलं असतं तर नेलं असतं का? त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी रकाना काढून टाकला आणि त्याऐवजी जोड्या लावल्या. दोघंदोघं. एकमेकांच्या पिशवीत काय आहे हे जोडीदाराला माहीत पाहिजे. लातूर, अहमदपूर, चाकूर इकडची ही माणसं एकटी कधी जिल्ह्याबाहेर गेलेली नाहीत. लग्नाला गेली तर भावकीसोबत, पंढरपूरला गेली तर दिंडीसोबत, दीक्षाभूमीला गेली तर वस्तीसोबत. सोबत हेच त्यांचं औषध आहे. माणूस रात्री कण्हायला लागला तर शेजारचा उठतो. परदेशात एकट्या हिंडणाऱ्या शिकलेल्या माणसाजवळ विमा असेल, पुस्तक असेल, ॲप असेल, पण रात्री कण्हणं ऐकणारं माणूस नसतं.

डॉक्टर : कण्हणं ऐकल्यावर तो शेजारचा काय करतो, हा माझा प्रश्न आहे. तो तुम्हाला उठवतो. तुम्ही स्वतःजवळची ॲसिडिटीची गोळी देता. छातीत जळजळतंय म्हणणाऱ्या साठीच्या माणसाला ॲसिडिटीची गोळी देणं म्हणजे पहाटेपर्यंतचा वेळ घालवणं, आणि हृदयाच्या झटक्यात तोच वेळ मोलाचा असतो. सोबत असली की माणसाला वाटतं कुणीतरी बघतंय, आणि प्रत्येकाला तसं वाटल्यावर बघणारं कुणीच उरत नाही. त्यात नेपाळ म्हणजे परदेश असं आपल्या लोकांना वाटतच नाही. व्हिसा नाही, फॉर्म नाही, विमा कुणी मागत नाही, रुपया चालतो, हिंदी समजते. दुबईला जाणारा माणूस आधी निदान चार ठिकाणी विचारतो. नेपाळला जाणारा कानटोपी घेतो आणि निघतो. परदेशातले आजार म्हटलं की लोक मला एखाद्या अनोळखी तापाबद्दल विचारतात. पण प्रवासात माणसं जातात ती बहुतेक घरूनच नेलेल्या आजारानं, नाहीतर रस्त्यावर. २३ ऑगस्ट २०२४ आठवतं ना? जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातली मंडळी अशाच यात्रेला गेली होती. पोखऱ्याहून काठमांडूकडं निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मार्स्यांगडी नदीत कोसळली. त्रेचाळीस जण होते, सत्तावीस गेले. वायुदलाच्या विमानानं मृतदेह जळगावला आणावे लागले. त्याच्या दीडच महिना आधी, जुलैत, चितवनच्या सिमलतालला दरड येऊन दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. आपल्याकडं पेरण्या आटोपल्या की श्रावणात माणूस मोकळा होतो, आणि नेमका तेव्हाच हिमालयाचा डोंगर भिजून सुटायला आलेला असतो. आपल्या शेतीच्या पंचांगानं त्यांच्या डोंगरात जायचं, यातच अर्धा धोका आहे.

गुरुजी : वरणगावची बातमी आली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. तेव्हापासून श्रावणातली यात्रा बंद केली. आता कार्तिकात नेतो, सोयाबीनची रास झाल्यावर. घाटात रात्रीचं वाहन नाही, ड्रायव्हर दोन, हेही ठरवून टाकलंय. पण मी अजाण माणसं घेऊन निघतो असं समजू नका. आम्ही लातूर जिल्ह्याची माणसं आहोत. १९९३ चा ३० सप्टेंबर, विसर्जनानंतरची ती पहाट आमच्या हाडात बसलीय. किल्लारीच्या भूकंपानंतर माझ्या पिढीतलं कुणी नव्या जागी झोपलं की आधी दार कुठं ते बघतं. काठमांडूला २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, नेपाळभरात जवळपास नऊ हजार माणसं गेली. तिथल्या लॉजवर पोचलो की मी सगळ्यांना जिना दाखवतो, बाहेर कुठं जमायचं ते दाखवतो, आणि लॉजचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात किंवा बटव्यात घालतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. आणि अनोळखी गाव माणसाला कसं सांभाळतं ते तुमच्या नांदेडनंच दाखवलंय. २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा हजूर साहिबला आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरू महिनाभर अडकून पडले होते. लंगर चालू राहिला, राहायला जागा मिळाली. एकटंदुकटं माणूस अडकलं असतं तर त्याचं काय झालं असतं? जमाव होता म्हणून सरकारला गाड्या सोडाव्या लागल्या.

डॉक्टर : आणि ती मंडळी पंजाबात पोचल्यावर त्यांच्यातल्या शेकडो जणांना कोरोना निघाला, तेही धरा हिशेबात. नांदेडनं त्यांना जेवू घातलं याचा मला या गावची म्हणून अभिमान आहे. पण सोबतीनं अन्न वाटलं जातं तसा आजारही वाटला जातो.

बरं, मुक्तिनाथाचं बोलू. मला खरी धास्ती तिथली आहे. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, नांदेड त्याहून खाली. पोखरा आठशे-साडेआठशे. आणि मुक्तिनाथ पावणेचार हजार मीटरच्या घरात. तुमची जीप पोखऱ्याहून निघून दीड-दोन दिवसांत माणसाला तीन हजार मीटर वर नेते. हवेतला प्राणवायू तिथं विरळ. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज फार तर पाचशे मीटरनं वाढवावी, असं डोंगरातले डॉक्टर सांगतात. डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं ही सुरुवात. माणूस चालताना झोकांड्या खायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तिथून पुढं जीव धोक्यात. उपाय एकच, खाली उतरायचं, त्याच वेळी. आता सांगा, तुमच्या बेचाळीसांतल्या एकाचं डोकं दुखायला लागलं तर तो बोलेल का? तो म्हणेल, माझ्यामुळं सगळ्यांचं दर्शन राहील. आणि तुम्ही एका माणसासाठी चार जिपा माघारी फिरवाल का? एकटा असता तर बसला असता वाटेतल्या जोमसोमला दोन दिवस. सोबत असल्यामुळंच त्याला वर जावं लागतं. तिथं समूहाचं वेळापत्रक हेच दुखण्याचं कारण होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी तुम्ही पुरुष असल्यामुळं तुम्हाला कुणी सांगितलेली नसणार. बायका बसमध्ये पाणी पीत नाहीत. प्यालं की उतरावं लागणार, उतरलं की आडोसा शोधावा लागणार, चाळीस माणसं खोळंबणार, ड्रायव्हर हॉर्न वाजवणार. मग सकाळी घोटभर चहा आणि संध्याकाळपर्यंत ओठ कोरडे. अशाच बायका माझ्याकडं परतल्यावर येतात, लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, कधी किडनीपर्यंत गेलेलं. शुगर असलेल्या बाईला तर हे जिवावरचं होतं. औषधाची गरजच नाही यात. दर दोन तासांनी जिथं संडास आहे अशा ठिकाणी गाडी थांबवायची, आणि 'कुणाला जायचंय का' असं विचारायचं नाही. सगळ्यांनी उतरायचंच, असं सांगायचं. विचारलं की बाई नको म्हणते.

गुरुजी : हे मला खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक ताई लुंबिनीत तापानं फणफणली होती, आम्ही थंडीवर ढकललं. तुम्ही म्हणता तसं करतो, सगळ्यांना उतरवतो.

पण खाण्यापिण्याच्या बाबतीत सोबतीचा फायदा तुम्हाला मान्य करावाच लागेल. आमचा आचारी आमच्यासोबत असतो. शेगडी, पातेली, तूर डाळ, ज्वारीचं पीठ सगळं बसमध्ये. पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून. पाणी उकळून गार करून पिंपात, वर झाकण, आत हात घालायचा नाही, तोटीनंच घ्यायचं. बाहेरचं कापलेलं फळ नाही, बर्फ नाही. दहा वर्षांत माझ्या यात्रेत हगवण लागलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. आणि लागलीच तर जवळ सलाईनचा दवाखाना कुठं ते मी आधी काढून ठेवतो.

डॉक्टर : आचाऱ्याचं मान्य. एवढंच बघा की त्याच्या हाताला जखम, गळू नाही ना, आणि पोट बिघडलेलं असताना तो पातेल्याजवळ उभा राहत नाही ना. बाहेर जेवलं तर एखादं माणूस आजारी पडतं. आचाऱ्याच्या हातून चूक झाली तर बेचाळीस जण एकाच रात्री.

सलाईनवर मात्र मी भांडणार. आपल्याकडं 'सलाईन लावल्याशिवाय ताकद येत नाही' हे लोकांच्या मनात इतकं बसलंय की परक्या देशातल्या परक्या दवाखान्यातही माणूस सुई मागून घेतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला होता. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपातून प्यायला दिलं. शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. जगभरात ओआरएसवर जो विश्वास बसला त्याच्या मुळाशी ती छावणी आहे. उलटी-जुलाबाच्या बहुतेक रोग्यांना तेवढंच पुरतं. तुमच्या जोड्यांना पाकिटं वाटा, आणि पाकीट नसेल तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट. रक्त पडत असेल, लघवी बंद झाली असेल, माणूस सुस्त झाला असेल, तेव्हा दवाखाना.

आणि काठमांडूतल्या स्वयंभूनाथाची माकडं. तिथं प्रसादाची पिशवी हातात धरून चढायचं नाही. चावलं, ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. चुना नाही, मिरचीपूड नाही. रेबीजची लस त्याच दिवशी काठमांडूत सुरू करायची, पुढचे डोस गावाकडं आल्यावर पुरे करता येतात. 'घरी गेल्यावर बघू' हे वाक्य या एका बाबतीत मरणाचं आहे, कारण लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही.

इन्सुलिन घेणारा कुणी असेल तर त्याची बाटली बसच्या डिकीत नको, तिथं ती उकडते. विमानात खालच्या सामानात नको, तिथं गोठू शकते. अंगाजवळच्या पिशवीत, ओल्या फडक्यात. पण कोण घेतं हे मला कसं कळणार? पुन्हा रकान्यावर आलो आपण.

गुरुजी : रकान्यावर येऊच. त्याआधी जे एकेकटे जातात त्यांचं बघा. आमच्याकडं खत-बियाणांचे दुकानदार कंपनीच्या टूरवर थायलंडला जातात. चाळिशी-पंचेचाळिशीची माणसं, हट्टीकट्टी. त्यांच्या हातात ना जोडीदार ना वेळेचं बंधन. तिथं गेल्यावर परवाना न बघता मोटारसायकल भाड्यानं घेतात, हेल्मेट नाही. विहिरीत सूर मारायला शिकलेली ही पोरं समुद्रालाही विहीरच समजतात. विहिरीत पाणी तुम्हाला ओढून नेत नाही, समुद्र नेतो. लाल निशाण लावलेल्या किनाऱ्यावर उतरायचं नसतं हे लातूरच्या औसा रोडला कोण सांगणार? दुबईला निघालेल्या एकाच्या बायकोनं तिथल्या बहिणीसाठी काळ्या मसाल्यासोबत खसखस बांधून दिली होती. तिथं खसखशीला बंदी आहे, हे विमानतळावर कळलं असतं तर केवढ्याला पडलं असतं. आणि आमची लेकरं! लातूरला दोन-दोन वर्षं घासून नीटमध्ये नंबर लागत नाही, मग बाप जमीन विकून किर्गिझस्तानला, उझबेकिस्तानला डॉक्टर व्हायला धाडतो. अठरा वर्षांचं लेकरू, उणे पंधराच्या थंडीत, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं चहा करणारं. माझ्या शाळेतली एक पोरगी बिश्केकला आहे. तिला मी निघताना एकच सांगितलं, आपल्या पोरींच्या सोबतीनं राहा.

डॉक्टर : २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये काय झालं ते तिला विचारा. स्थानिक पोरांची आणि परदेशी विद्यार्थ्यांची मारामारी झाली, तिचा व्हिडिओ पसरला, आणि जमाव परदेशी मुलांच्या वसतिगृहांवर चालून गेला. भारताच्या दूतावासानं मुलांना घरातच थांबायला सांगितलं. सगळे परदेशी एकाच इमारतीत, म्हणून जमावाला पत्ता शोधावा लागला नाही. ज्यांची एखाद्या स्थानिक घराशी ओळख होती, भाषेतली चार वाक्यं येत होती, त्यांना जायला दुसरं दार होतं. आपली माणसं आपल्यातच राहतात याला आपण सुरक्षितता म्हणतो. ती कधी कधी पिंजरा होते. त्या पोरीला सांगा, रशियन नाहीतर किर्गिझ शिक, शेजारणीशी बोल, दूतावासाचा नंबर कागदावर लिहून ठेव, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी त्याच रात्री संपते.

आता हजचं बघा. देगलूर नाक्याकडचे माझे पेशंट दरवर्षी जातात. हज समितीमार्फत जाणाऱ्यांना आधी मेंदूज्वराची लस घ्यावी लागते, पोलिओचे थेंब घ्यावे लागतात, तपासणी होते, प्रशिक्षणाचे मेळावे होतात. निदान कुणीतरी विचारतं. ही व्यवस्थाही माणसं गेल्यावरच आली. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ पसरली तेव्हा लस सक्तीची झाली. २००० साली दुसऱ्याच जातीच्या जंतूची साथ आली, तेव्हा चार जातींवर चालणारी लस सक्तीची झाली. आणि २०२४ मध्ये अठरा लाखांहून जास्त माणसं अरफातच्या मैदानात होती, मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता. सौदी सरकारनंच आकडा दिला, १३०१ मृत्यू. त्यातले ८३ टक्के परवाना न घेता आलेले. त्यांना थंड तंबू नव्हते, बस नव्हत्या, कडक उन्हात कित्येक किलोमीटर पायी. अठरा लाखांची सोबत होती, गुरुजी. त्या सोबतीत ती माणसं उन्हात बसल्या जागी गेली.

गुरुजी : तो आकडा माझ्या बाजूनं बोलतो, मॅडम. मेली ती मोजलेली नव्हती म्हणून मेली. माझे बेचाळीस मी चढता-उतरता मोजतो.

पण तुम्ही हजचं काढलंत म्हणून विचारतो. तुमच्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्या हाजींनी तुम्हाला कधी सांगितलं नाही का, की तिथंच डोळे मिटले तर भाग्य? माझ्या यात्रेतही हेच ऐकतो. मुक्तिनाथाला निघालेला माळकरी म्हणतो, वाटेत गेलो तर वैकुंठ. आणि आमच्या वस्तीतल्या आज्या मला बाबासाहेबांचा दाखला देतात. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. मधुमेहानं शरीर पोखरलं होतं, चालताना आधार लागत होता. त्याआधी १९५० ला श्रीलंका, १९५४ ला रंगून, तेही आजारपण अंगावर घेऊन. काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केलं, आणि महिना उलटायच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. आजी मला म्हणते, गुरुजी, त्यांना कुणी फिटनेस विचारला होता का? मी तिला काय सांगू? जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली बाई. लुंबिनीचा अशोकस्तंभ डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच गोष्ट तिनं स्वतःसाठी मागितलेली. तिच्या सुरक्षिततेसाठी तिला घरी ठेवायचं, म्हणजे नेमकं कशासाठी सुरक्षित ठेवायचं?

डॉक्टर : तिला सांगा, बाबासाहेबांसोबत त्यांच्या पत्नी माईसाहेब होत्या. त्या डॉक्टर होत्या. बाबासाहेबांच्या शरीराची पुरती माहिती असलेलं, खाण्यावर आणि औषधावर लक्ष ठेवणारं माणूस काठमांडूतही त्यांच्यासोबत होतं. ते आजार लपवून गेले नव्हते. मी सोबत म्हणते ती ही. तुमच्या जोडीदाराला पिशवीतली गोळी दिसते, पण ती कशासाठी आहे, चुकली तर काय होतं, हे त्याला कुठं माहीत असतं?

पण आजीचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो माझ्याही दारात येतो. फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला माणसं येतात. मी बीपी बघते, छाती ऐकते, साखर बघते. पाच-सात मिनिटं. बाहेर तीस पेशंट. त्यांचा लेक हळूच म्हणतो, मॅडम, लिहून द्या ना, पैसे भरलेत, नाही दिलं तर बुडतील. मी देते. बहुतेक वेळा देते. एकदा दिलं नाही, एका वयस्क हाजींना, हृदयाचे ठोके नीट नव्हते. त्यांनी दुसरीकडून आणलं, जाऊन आले, मला जमजमचं पाणी आणि खजूर देऊन गेले. दुसऱ्यांदा एका बाईंना नाही दिलं. त्या थांबल्या. चार महिन्यांनी घरीच गेल्या, झोपेत. त्यांचा मुलगा आजही रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, बोलत नाही. तेव्हापासून मला 'नाही' लिहिताना हात जड जातो. आणि 'हो' लिहिताना हलका राहतो असंही नाही. तुमच्या यादीत रकाना नाही म्हणून मी तुम्हाला बोलले, पण माझ्या सर्टिफिकेटवर रकाना असूनही मी तो पाच मिनिटांत भरते. 'निरंक' लिहिणाऱ्यांत मीही आहे.

गुरुजी : मग तुम्हाला माझी अडचण कळली असेल. विचारलं की कळतं, आणि कळल्यावर काहीतरी करावं लागतं. मला कळलं की एका माणसाला नेणं धोक्याचं आहे, आणि तरी मी नेलं, आणि तिथं काही झालं, तर त्याच्या लेकरांसमोर मी कोणत्या तोंडानं उभा राहू? न विचारता नेलं तर निदान म्हणता येतं, मला माहीत नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा बोलतोय. रकाना काढला तो लोक खोटं लिहितात म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पण खरं लिहिलं तर काय करायचं, याची भीती त्याहून मोठी होती.

डॉक्टर : ती भीती आपल्या दोघांचीही. म्हणून म्हणते, 'न्यायचं की नाही' यापासून सुरुवातच करू नका. 'कसं न्यायचं' इथून करा. गुडघ्यानं अधू माणसाला लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात नेता येतं, ते सपाट आहे. हृदयाचा त्रास असलेल्याला लुंबिनी आणि कुशीनगर, पण मुक्तिनाथ नाही. तो पोखऱ्याला तळ्याकाठी तीन दिवस राहील, त्याच्यासोबत दोघं मागं राहतील, आणि हे निघायच्या आधी ठरलेलं असेल. म्हणजे वर गेल्यावर कुणाचं दर्शन कुणामुळं राहिलं असं होणार नाही. प्रत्येकाचा एक कागद. औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाही, कारण आपल्या गोळीचं नाव तिथल्या दुकानात कुणाला कळणार नाही. कशाची ॲलर्जी आहे, घरचा नंबर. दोन प्रती, एक त्यांच्याजवळ, एक तुमच्याजवळ पाकिटात बंद. गरज पडली तरच फोडायची. विमाही काढा, आणि आजार लपवून काढू नका. लपवलेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत.

गुरुजी : पाकीट बंद असलं तरी लिहिणाऱ्याला वाटणारच, गुरुजी वाचतील. आणि काही दुखणी अशी आहेत की 'कसं न्यायचं' याला उत्तरच नाही. तीन-चार जण तरी असे निघतील. त्यांना 'नका येऊ' हे कोण म्हणणार? तुम्ही?

डॉक्टर : मी धोका किती आहे ते सांगेन, न झाकता सांगेन. पुढचा शब्द त्या माणसाचा असावा असं मला वाटतं. पण लगेच हेही दिसतं की वाटेत तो कोसळला तर त्याचा निर्णय उरलेल्या एकेचाळीस जणांना खांद्यावर घ्यावा लागतो. त्यांना कुणी विचारलंय? हे मला सुटलेलं नाही.

गुरुजी : मलाही नाही. तरी रविवारी अहमदपूरला या. शाळेची एक खोली उघडून देतो. एकेकाला बोलवा, विचारा. तुम्हाला खरं सांगतील, बायका तर नक्की. आणि एक सांगून टाकतो. यादीत एकविसाव्या नंबरची बाई आहे. शेळ्या विकून तिनं पैसे भरलेत. वर्षामागं तिच्या हृदयात स्टेंट बसवलाय. तिनं मला पोराची शपथ घालून सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून. आजवर बोललो नव्हतो.

डॉक्टर : तिला सगळ्यात आधी पाठवा, मी ताजी असताना. आणि तिच्यासोबत खोलीत कुणी नको. जोडीदारीण नको, लेक नको. तुम्हीसुद्धा नको.